बांध, चर आणि निचरा : जमीनधारकांच्या प्रश्नांना उत्तरे

मृद व जलसंधारणाविषयी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. उत्तरे वाचताना जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर शिरोळात तो पाचशेच्या आसपास राहतो. तरीही दोन्हीकडच्या जमिनी बिघडतात त्या पाण्याच्या कमतरतेने नव्हे, तर त्याला नीट वाट न मिळाल्याने. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा दुष्काळी भागाला शोभते. आपल्याकडे पाणी कुठे सोडायचे, हे आधी ठरवून मग ते किती अडवायचे याचा विचार करावा लागतो.

प्रश्न : भुदरगड तालुक्यात डोंगरकुशीला आमची दोन एकर तांबडी जमीन असून तीत भात आणि नाचणी घेतो. दर पावसाळ्यात वरून येणाऱ्या पाण्याने ओघळी पडतात. त्यांपैकी एक आता पुरुषभर खोल झाली आहे. कृषी कार्यालयात निधी नसल्याचे सांगितले, पंचायत समितीने जिल्हा परिषदेकडे पाठवले, तेथून पुन्हा कृषी कार्यालयाकडे जाण्यास सांगण्यात आले. गावातील जेसीबीवाले हद्दीवर मोठा बांध घालून देण्यास तयार आहेत. काय करावे?

उत्तर : आपली जी फिरवाफिरवी झाली, तिचे मूळ कामांच्या वाटणीत आहे. ही वाटणी एकदा समजून घेतली म्हणजे अर्ज योग्य टेबलावर पडतो. शेतातील बांधबंदिस्ती, ओघळीतील अनघड (न घडवलेल्या दगडांचे) दगडी बांध, मजगी (उतारावर पायऱ्यांसारखी सपाट खाचरे), शेततळे ही क्षेत्रीय कामे कृषी विभागाची आहेत. त्यांची सुरुवात गावच्या कृषी सहायकापासून होते. या पदाचे नाव आता सहायक कृषी अधिकारी असे झाले आहे. त्यांच्यावर मंडळ कृषी अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी असतात. ओढ्यावरील बंधारे, पाझर तलाव, गावतळी अशी शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे असतात, तर त्याहून मोठी कामे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे जातात. रोजगार हमीतून करावयाच्या कामांसाठी पंचायत समितीकडे जावे लागते, मात्र त्याआधी ते काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात असणे आवश्यक असते. तेव्हा आपल्या शेतातील बांध आणि ओघळ हे काम कृषी विभागाचे. ओघळ जेथे गावच्या ओढ्याला मिळते तेथील काम जिल्हा परिषदेचे.

निधी नाही, हे उत्तर त्या दिवसापुरते खरे असू शकते. ही कामे बहुधा पाणलोटाच्या, म्हणजे एकाच ओढ्याला पाणी देणाऱ्या साऱ्या क्षेत्राच्या, आराखड्यातून होतात आणि एकट्या गटासाठी स्वतंत्र तरतूद क्वचितच असते. म्हणून आपल्या वरच्या आणि खालच्या चार-सहा खातेदारांना बरोबर घेऊन, त्यांचे गट क्रमांक लिहून एकच लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि आराखडा ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी स्वतः हजर राहावे. तोंडी विचारणा कोणत्याच नोंदवहीत उतरत नाही.

आता जेसीबीच्या बांधाविषयी. तो घालू नये, असेच स्पष्ट सांगतो. गटाची हद्द क्वचितच समपातळीवर असते. उतारावर तिरप्या गेलेल्या हद्दीवर मातीचा उंच बांध घातला, तर सगळे पाणी त्याच्या सखल कोपऱ्याकडे धावते, एका रात्रीच्या पावसात तेथे भगदाड पडते आणि जी माती वर्षाला थोडीथोडी जात होती ती एकदम जाते. अशा बांधाला बहुतेक वेळा सांडवाच, म्हणजे जादा पाणी जाण्याची वाट, ठेवलेला नसतो.

बांधाची जागा उतार मोजून ठरवावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. दहा-पंधरा मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्यावी, तिची दोन्ही टोके सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधावीत आणि नळीत पाणी भरावे. मात्र आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. एक काठी वरच्या बाजूला आणि दुसरी उताराच्या दिशेने मोजलेल्या अंतरावर उभी केली म्हणजे दोन्ही टोकांतील पाणी एका पातळीवर येते आणि काठ्यांवरील वाचनांतला फरक म्हणजेच तेवढ्या अंतरातील उतार. दहा मीटरला 40 सेंटिमीटर फरक आला तर उतार चार टक्के झाला. प्रचलित सूत्राने चार टक्के उतारावर दोन बांधांच्या पातळीत सुमारे एक मीटर फरक असावा, म्हणजे ते साधारण 25 मीटरच्या अंतराने येतात. अंतर थोडे कमी-जास्त झाले तरी बिघडत नाही, पण बांधाची ओळ चुकली तर सगळे काम वाया जाते.

पठारी आणि कमी पावसाच्या भागात बांध अगदी समपातळीवर घालतात, म्हणजे पाणी त्यामागे उभे राहून जिरते. भुदरगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी अशा पावसाच्या पट्ट्यात तसे केले तर पाणी बांध फोडते, नाहीतर पीक कुजवते. येथे ढाळीचा बांध हवा. त्याला लांबीच्या दिशेने शंभर मीटरला 20 ते 40 सेंटिमीटर एवढाच ढाळ देतात. त्यामुळे पाणी बांधालगत सावकाश चालत जाऊन गवत वाढवलेल्या चरातून किंवा दगडी सांडव्यातून खाली उतरते. काम नेहमी माथ्याकडून सुरू करावे आणि बांधाआधी हा चर व सांडवा तयार ठेवावा. उतार दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर बांधांच्या नादी न लागता मजगी पाडणेच योग्य. आपल्याकडील भाताची जुनी खाचरे हेच काम करत आली आहेत, फक्त त्यांच्या ताली (खाचरांचे बांध) ढासळल्या असतील तर त्या आधी सावराव्यात.

पुरुषभर खोल ओघळीवर एकच मोठा बांध घालण्यापेक्षा छोट्या अनघड दगडी बांधांची साखळी करावी. शेतातलेच दगड चालतात. प्रत्येक बांध दोन्ही काठांत हात-दीड हात आत रोवलेला असावा आणि त्याचा माथा मध्यभागी कडांपेक्षा खोलगट ठेवावा, म्हणजे पाणी मधून पडते आणि काठ कुरतडत नाही. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला आला, म्हणजे अंतर बरोबर बसले. दगड रचून झाल्यावर ओघळीच्या वरच्या तोंडाशी, जेथे ती दर वर्षी मागे सरकत असते, तेथे वाळ्याची किंवा घायपाताची दाट ओळ लावावी. माती-दगडाची कामे मे अखेरीस संपवून रोपे पहिल्या सरींबरोबर लावली तर ती हमखास जगतात.

प्रश्न : कागल तालुक्यातील आमच्या शेताच्या वरच्या बाजूचे शेजारी यांनी गेल्या उन्हाळ्यात सपाटीकरण करून बांध उंच केला आणि चर खणून सगळे पावसाचे पाणी एकाच जागेवरून आमच्या उसात सोडले. कृषी सहायकांनी हा आपला विषय नाही असे सांगितले. दाद कोठे मागावी?

उत्तर : कृषी सहायकांचे म्हणणे बरोबर आहे, हा विषय तहसीलदारांचा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 याच्या कलम 5 नुसार शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणी बेकायदा अडथळा केला आणि त्यामुळे जमिनीचे किंवा पिकाचे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. यात मुदतीचे बंधन कडक आहे : कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. काम उन्हाळ्यात झाले असेल, तर चर्चा आणि मध्यस्थी यांत दिवाळी उजाडू देऊ नये.

दाव्यासोबत दोन्ही गटांचे सातबारा उतारे, गटाचा नकाशा, पाण्याचा पूर्वीचा आणि आताचा मार्ग दाखवणारे हाताने काढलेले साधे रेखाटन आणि तारीख दिसेल अशी छायाचित्रे द्यावीत. मालकी आणि हद्द हे वाद या कार्यवाहीत मिटत नाहीत; बांध नेमका कोणाच्या हद्दीत आहे याबद्दलच शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचे शुल्क भरून हद्द कायम करून घ्यावी.

एक गोष्ट आपल्याला आवडणार नाही, पण सांगणे भाग आहे. वरच्या शेतातून स्वाभाविक उताराने पसरून येणारे पाणी खालच्या शेताने घ्यावेच लागते. आपली तक्रार रास्त ठरते ती शेजाऱ्यांनी ते पाणी गोळा करून एका ठिकाणी सोडले म्हणून. त्यावर उपाय म्हणून आपण आपल्या बाजूने आडवा बांध घातला, तर उद्या याच कलमाखाली प्रतिवादी म्हणून आपण उभे राहाल. बहुतेक प्रकरणांत सामाईक बांधालगत दोघांच्या खर्चाने ओढ्यापर्यंत चर काढणे हाच टिकणारा तोडगा ठरतो, आणि तहसीलदारांसमोर झालेला तसा समझोता लेखी नोंदवून घेता येतो.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात नदीकाठापासून काही अंतरावर आमची तीन एकर काळी जमीन आहे. वडिलांच्या काळात भरघोस ऊस येत असे. आता निम्म्या क्षेत्रावर पांढरी पापडी दिसते, उगवण होत नाही आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी हटत नाही. दुकानदाराने जिप्सम टाकण्यास सांगितले आहे. सच्छिद्र पाइप टाकण्याचीही चर्चा गावात आहे. कशाने सुरुवात करावी?

उत्तर : सुरुवात माती परीक्षणाने करावी, कारण पांढरी पापडी आणि साचणारे पाणी ही दोन लक्षणे दोन वेगळ्या दुखण्यांची असू शकतात आणि त्यांचे उपाय एक नाहीत.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार वाढलेले असतात. पाण्याची पातळी मुळांपर्यंत चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वर उरतात. पापडी दिसते ती याचीच. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम वाढतो. अशी जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी होते आणि वाळल्यावर दगडासारखी कडक, शिवाय तिच्यातून पाणी खाली उतरतच नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात तीन आकडे पाहावेत. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता मीटरला 4 डेसिसायमनपेक्षा जास्त, सामू (pH) 8.5 पेक्षा कमी आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास जमीन खारवट. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या वर असल्यास ती चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही वाढलेले असतील, तर जमिनीला खारवट-चोपण म्हणतात. नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेत सोडियमचा आकडा नसतो, त्यामुळे नमुना देताना या तपासणीची स्वतंत्र मागणी करावी. कोल्हापुरात कृषी विभागाची जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. तळसंदे आणि कणेरी येथील कृषी विज्ञान केंद्रांकडूनही मार्गदर्शन घेता येते. बिघडलेल्या आणि चांगल्या भागाचे नमुने कधीही एकत्र करू नयेत. क्षारांच्या तपासणीसाठी फक्त वरच्या थराचा नमुना पुरत नाही, तर खाली दोन-तीन फुटांपर्यंत थरागणिक वेगळी माती घ्यावी.

जिप्समचे काम समजले, म्हणजे ते केव्हा टाकायचे हेही कळते. त्यातील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊन शेताबाहेर पडावा, अशी अपेक्षा असते. बाहेर पडायला वाट नसेल, तर तो तेथेच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. केवळ खारवट जमिनीला तर जिप्समची गरजच नसते. निचऱ्याआधी जिप्समवर खर्च करणारे शेतकरी आजही पुष्कळ आढळतात. त्यात दुकानदाराचा फायदा होतो, जमिनीचा होत नाही.

सच्छिद्र पाइपची भूमिगत निचरा प्रणाली हा शिरोळ भागात सिद्ध झालेला उपाय आहे. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने तेथे क्षारपड जमिनींवर मोठे काम झाले असून ते प्रत्यक्ष शिवारात जाऊन पाहता येते. साधारण 80 मिलिमीटर व्यासाचे, पन्हाळीदार, भोके असलेले आणि कृत्रिम धाग्याच्या गाळणीने गुंडाळलेले पाइप तीन-चार फूट खोल, ठरावीक अंतरावर, ढाळ देऊन पुरतात. ते एका मुख्य नळाला जोडून पाणी ओढ्यात सोडतात. दोन पाइपांमधील अंतर मातीच्या पोतावरून आणि तिच्यातून पाणी झिरपण्याच्या वेगावरून ठरते. गावात दुसऱ्याने ठेवलेले अंतर तसेच उचलू नये.

खरी अडचण पाण्याच्या मुखाची असते. मुख्य नळाचे तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर असावे लागते. सपाट शिरोळात ते पुष्कळदा जमत नाही आणि मग विहिरीसारखा खड्डा करून पंपाने पाणी उपसावे लागते. शिवाय ओढ्यापर्यंत जाणारा नळ पाच-दहा जणांच्या गटांतून जातो. म्हणून ही योजना तीन एकरांपुरती आखण्यापेक्षा पूर्ण पट्ट्याची आखावी आणि देखभालीसाठी खातेदारांची संस्था करावी. पाइप टाकण्यापूर्वी आणखी एक काम करण्यासारखे आहे : भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घेऊन त्यावरील जुने चर आणि ओघळ आज जाग्यावर आहेत का, ते पाहावे. कित्येक शिवारांत हे चर बुजवून त्यावर उसाच्या सऱ्या ओढल्या गेल्या आहेत. तसा एखादा चर मोकळा झाला, तर साचलेल्या पाण्याचा बराचसा प्रश्न कमी खर्चात सुटतो.

निचरा सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात बांधबंदिस्त वाफ्यांत पाणी साठवून क्षार धुऊन काढावेत, नंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावे. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, जाळू नये. हेक्टरी आठ ते दहा टन निघणारे पाचट सरीत पसरून त्यावर टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि जमीन झाकली गेल्याने क्षार वर येण्याचा वेगही मंदावतो. एवढे सगळे करून पुन्हा मोकाट पाटपाणी दिले, तर जमीन पुन्हा बिघडण्यास फार वर्षे लागत नाहीत. उपसा योजनेचे पाणी पाळीने आले की ते भरूनच घ्यायचे, या सवयीमुळेच बागायती काळ्या जमिनी या अवस्थेला आल्या. सुधारलेल्या जमिनीला ठिबकच द्यावे.

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात जांभ्या मातीत आम्ही 20 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळे काढले. ते पावसाळ्यात तुडुंब भरते, पण दिवाळीनंतर कोरडे पडते. अस्तर घालणे परवडेल का?

उत्तर : जांभा सच्छिद्र असतो, त्यामुळे अस्तराशिवाय तेथे पाणी टिकण्याची आशा नाही. 500 मायक्रॉनची प्लॅस्टिक फिल्म घालावी लागेल. परवडण्याचा हिशेब असा : बाजूंना एकास एक उतार दिल्यावर या आकाराच्या तळ्यात 876 घनमीटर पाणी मावते. एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे, तर सुमारे 200 घनमीटर लागते. म्हणजे बाष्पीभवन वजा न करताही पाटाने जेमतेम चार पाळ्या होतात. एवढ्या पाण्यावर उसाची आशा धरू नये. ठिबकवर अर्धा-पाऊण एकर भाजीपाला किंवा नव्या फळबागेची पहिली दोन-तीन वर्षे सांभाळायची असतील, तर अस्तर जरूर घालावे. अन्यथा तळे तसेच ठेवून त्याचा उपयोग खालच्या विहिरीच्या पुनर्भरणासाठी होऊ द्यावा. खाली आपलीच विहीर असेल, तर तोही तोटा नव्हे. अनुदानासाठी महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक आहे. पूर्वसंमतीआधी केलेला खर्च सहसा धरला जात नाही.

प्रश्न : आम्ही भाऊ पुण्या-मुंबईस नोकरीला असून शाहूवाडी तालुक्यात आमची सामाईक वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन पडून आहे. शासनाकडून बांधबंदिस्ती करून घेतली तर जमिनीवर शासनाचा हक्क निर्माण होतो, असे गावात सांगतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘बंडिंगचा बोजा’ अशी एक जुनी नोंदही आहे.

उत्तर : हक्क निर्माण होत नाही. मृद संधारणाच्या कामाने मालकीत काहीही बदल होत नाही. झालेल्या कामाची देखभाल मात्र खातेदारावर येते. गावातील समजूत बहुधा आपण लिहिलेल्या त्या नोंदीवरूनच पडली असावी. पूर्वी मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, 1942 याखाली खाजगी जमिनींवर बांधबंदिस्ती होत असे आणि तिच्या खर्चाचा हिस्सा जमीनधारकाकडून वसूल करत. ती रक्कम बोजा म्हणून सातबाऱ्यावर चढवली जाई आणि फिटल्यावरही नोंद कमी करण्याचे राहून जाई. अशा कालबाह्य नोंदी कमी करता येतात. त्यासाठी तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज करावा आणि जुन्या फेरफाराची प्रत सोबत जोडावी.

कामासाठी सर्व सहहिस्सेदारांचे संमतिपत्र लागेल. त्यासाठी एका भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिल्यास प्रत्येक वेळी सर्वांना गावी यावे लागणार नाही. जमीन वाट्याने देण्याचा विचार असेल, तर बांध न फोडण्याची आणि उताराला आडवी नांगरट करण्याची अट लेखी घालावी. आणि तूर्त काहीच पिकवायचे नसेल, तर निदान दर उन्हाळ्यात गवत पेटवणे थांबवून बांधांवर बांबू लावावा. शाहूवाडीच्या पावसात तो फारशी निगा न घेताही धरतो, फक्त पहिली दोन वर्षे गुरांपासून राखणीची सोय गावातील कोणावर तरी सोपवावी लागेल.